जत्रेतली रात्र आणि लाखेची तबकडी : मराठी लोकसंगीत ऐकू लागणाऱ्यांसाठी

मराठी लोकसंगीताची ओढ लागलेल्या नव्या श्रोत्यापुढे दोन वाटा असतात. जत्रेतला तमाशा, नात्यातल्या लग्नानंतरचा गोंधळ, जेजुरीचे जागरण किंवा कोकणातले दशावतारी नाटक प्रत्यक्ष जाऊन ऐकायचे, ही एक वाट. जुन्या तबकड्या आणि कॅसेटी मिळवून त्या घरी शांतपणे ऐकायच्या, ही दुसरी. मी भेटलेल्या रसिकांपैकी बहुतेकांनी यांतली एकच धरलेली असते, आणि मीही पहिली सहा-सात वर्षे केवळ तबकड्याच ऐकत होते. त्या काळात माझ्याकडे एका पोवाड्याची तबकडी होती. तिच्या पहिल्या बाजूच्या शेवटी शाहीर ऐन चढाईच्या वर्णनात घाईघाईने थांबतो आणि दुसऱ्या बाजूवर कथा दोन प्रसंग पुढे गेलेली असते. तो गायक कथा नीट सांगत नाही, असे माझे मत झाले होते. पुढे सातारा जिल्ह्यातल्या एका गावी तोच प्रसंग दुसऱ्या शाहिराकडून ऐकला. तिथे तो पाऊण तास चालला, मधे गद्यातले निवेदन होते, झीलकऱ्यांनी, म्हणजे मागून ओळ उचलून साथ करणाऱ्यांनी, घेतलेले विसावे होते, आणि तबकडीवर गळालेले दोन्ही प्रसंग होते. दोष गायकाचा नव्हता. तीन मिनिटांत जेवढे मावेल तेवढेच त्याने भरले होते. म्हणून प्रत्यक्ष ऐकणे आणि ध्वनिमुद्रिका जमवणे ही दोन्ही कामे बरोबरीने करावीत, असे माझे सांगणे आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : वाद्यांवरून प्रकार ओळखणे

शब्द कळण्याआधी वाद्य ओळखता येते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. डफ आणि तुणतुणे वाजत असेल आणि मागून ‘जी जी जी’ अशी झील उठत असेल तर तो पोवाडा. संबळ वाजला की गोंधळ. संबळ म्हणजे दोन लहान-मोठ्या भांड्यांचे जोडवाद्य असून ते कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवतात. दिमडी, तुणतुणे आणि मुरळीच्या हातातली घंटी ऐकू आली तर ते खंडोबाचे जागरण. ढोलकीबरोबर हलगी कडाडत असेल तर तो ढोलकी-फडाचा तमाशा, आणि ढोलकीच्या साथीला पेटी व तबला असेल तर बहुधा संगीत बारी, म्हणजे थिएटरातला लावणीचा कार्यक्रम. तुणतुणे यांपैकी अनेक प्रकारांत असते, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. एवढे ओळखता येऊ लागले की तबकडीच्या लेबलवर नुसते ‘लोकगीत’ असे मोघम छापलेले असले तरी आपण काय ऐकतो आहोत, हे पहिल्या काही क्षणांतच कळते.

दुसरी पायरी : पंचांग हाताशी ठेवणे

लोककलांचे वेळापत्रक इंग्रजी तारखांवर चालत नाही. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, आणि त्यातला सर्वांत गजबजलेला काळ म्हणजे चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांचा. गुढीपाडव्याच्या आधी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा समितीचे लोक तिथे येतात आणि कोणत्या गावी कोणता फड जाणार, याच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. नव्या श्रोत्याने एकदा तरी या राहुट्यांपर्यंत जावे. कोणत्या तिथीला कोणत्या गावी फड लागणार हे तिथे एका फेरीत समजते, आणि फडावरची माणसे कामाच्या गडबडीतही प्रश्नाला उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात फड बंद असतात.

जागरण ऐकायचे असेल तर जेजुरीला सोमवती अमावास्या किंवा मार्गशीर्षातली चंपाषष्ठी गाठावी. मात्र सोमवतीला गर्दी इतकी असते की निवांत ऐकणे होत नाही, म्हणून नवख्याने साधा रविवार निवडलेला बरा. गोंधळासाठी नवरात्रात तुळजापूर किंवा माहूर आहेच, तरी खरा गोंधळ घरच्या अंगणातला, आणि त्याला निमंत्रण लागते. ओळखीच्यांना सांगून ठेवले तर ते मिळते. सिंधुदुर्गातल्या दशावताराच्या जत्रा कार्तिकापासून सुरू होतात आणि रत्नागिरीकडचे नमन-खेळे शिमग्याच्या सुमारास रंगतात.

तिसरी पायरी : पहिली रात्र

यात्रेतल्या तमाशाला जाताना रात्र पूर्ण काढायची तयारी करूनच निघावे. संध्याकाळी पालखीचा छबिना निघतो, शोभेची दारू उडते, जेवणे होतात आणि त्यानंतर बऱ्याच उशिरा कनातीत दिवे लागतात. आरंभ ढोलकी-हलगीच्या सलामीने होतो. मग गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. मग गवळण, तीत कृष्ण, पेंद्या, गवळणी आणि मावशी यांचा संवाद. काही फडांत त्यानंतर बतावणी, म्हणजे विनोदी संवाद. पुढे लावण्या आणि आजच्या काळात चित्रपटगीतेही. आणि मध्यरात्र उलटल्यावर वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य. चित्रपटगीतांचा भाग सुरू झाला की शहरातून आलेले अनेक श्रोते ‘अस्सल काही उरलेले नाही’ असे म्हणत उठून जातात. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण ज्यासाठी ते आलेले असतात ते अजून व्हायचे असते. वगातली पदे, सोंगाड्याचे हजरजबाबी बोलणे आणि पहाटेच्या सुमारास रुंदावलेला गायकाचा आवाज यांसाठी थांबावे.

बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. कर्ण्यांच्या किंवा मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या समोर बसले तर ढोलकीचा केवळ दणका ऐकू येतो. रंगमंचाच्या ज्या बाजूला ढोलकीवाला उभा असतो त्या बाजूला, थोडे मागे, जागा घ्यावी. तिथून डाव्या पुडीची घूम आणि उजव्या पुडीची टणक थाप वेगवेगळी कानावर येते. यात्रेत स्त्रियांसाठी बहुधा एक बाजू राखलेली असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरच्यांना काळजी होती, परंतु गावातल्या बायकांमध्ये जाऊन बसल्यावर शेजारच्या आजींनी वगाची कथा आधीच सांगून टाकली आणि रात्रभर कोण कोणते सोंग घेते आहे हे त्या मला सांगत राहिल्या. गावातले एखादे घर ओळखीचे असेल तर त्यांच्याबरोबरच जावे, ही सूचना मी प्रत्येक नवख्याला करते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. अनेक गावांत रात्रीच्या तमाशानंतर दिवसा देवळापुढे किंवा एखाद्या झाडाखाली हजेरी, म्हणजे त्याच फडाचा दिवसाचा कार्यक्रम, होते. रात्रीचा झगमगाट तिथे नसतो, गर्दीही कमी असते आणि कलावंत हाताच्या अंतरावर असतात. झील कशी घेतली जाते हे मी हजेरीतच शिकले. मुख्य गायक ओळीचा शेवट सोडतो त्या नेमक्या क्षणी मागचे सुरत्ये, म्हणजे झील देणारे साथीदार, ती ओळ उंच स्वरात उचलतात, आणि त्या उचलण्यामुळे गायकाला श्वास घ्यायला अवकाश मिळतो. ही देवाणघेवाण एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढे ती तबकडीवरही ऐकू येऊ लागते.

संगीत बारी हा वेगळा अनुभव आहे. पुण्यातले आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातले चौफुला, सोलापूर जिल्ह्यातले मोडनिंब ही त्यासाठी परिचित ठिकाणे आहेत. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येक पार्टीची पाळी, म्हणजे बारी, आली की ती रंगमंचावर येते. फर्माईश करायची असेल तर तिचा रिवाज आणि बिदागी आधी विचारून घ्यावी. एखादी जुनी बैठकीची लावणी आदराने मागितली तर ज्येष्ठ गायिका ती आनंदाने ऐकवतात. बैठकीच्या लावणीत पावलांपेक्षा गळा, चेहरा आणि हात बोलतात. एकच ओळ चार भावांनी मांडली जाते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या अदाकारीसाठी ओळखल्या जात, आणि त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे जे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे ते नव्या श्रोत्याने बारी पाहण्याच्या आधी आणि नंतर, असे दोनदा ऐकावे.

मोबाइलवर चित्रण करण्याआधी परवानगी मागावी. कलावंतांनाही कायद्याने हक्क आहेत आणि त्यांच्या संमतीवाचून त्यांचा प्रयोग मुद्रित करणे हा त्या हक्काचा भंग ठरू शकतो. त्याहूनही साधी गोष्ट अशी की शंभरावर माणसांचा फड तिकिटांवर आणि सुपारीवर जगतो, आणि आदल्या रात्रीचा वग फुकट पाहायला मिळाला तर दुसऱ्या गावचे तिकीट विकले जात नाही.

चौथी पायरी : घरबसल्या मिळणारे आधी ऐकणे

तबकड्या विकत घेण्याची घाई करू नये. पहिले वर्ष खुल्या संग्रहांवर काढावे. त्यांत मी सर्वांत वरचे स्थान जात्यावरच्या ओव्यांना देते. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखांहून अधिक ओव्या नोंदवल्या, त्यांतील कित्येकांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आहेत. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. जुन्या व्यापारी तबकड्यांवर ही माहिती क्वचितच मिळते. शिवाय इथे वाद्य नाही, रंगमंच नाही आणि श्रोतेही नाहीत. बाई काम करताना स्वतःसाठी आणि जोडीदारणीसाठी गाते. रोज चार ओव्या, शब्द समोर ठेवून, महिनाभर ऐकल्या तर बोलीतले उच्चार कानाला सवयीचे होतात आणि पुढे लाखेच्या तबकडीच्या खरखरीतूनही शब्द लागू लागतात.

जुन्या तबकड्यांविषयी जाणून घेण्यासाठी मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे अंक अवश्य वाचावेत. संग्राहकांनी स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदी तिथे आहेत, आणि नवख्याच्या पत्राला उत्तर देणारे जाणकार या वर्तुळात अजून भेटतात.

पाचवी पायरी : तबकडी वाचायला शिकणे

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. मेणावर घेतलेली ती मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथून तबकड्या होऊन परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाल्यावर हा फेरा संपला. तबकडीच्या मिश्रणातला मुख्य घटक लाख, म्हणून ती जड आणि ठिसूळ असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावतात, बारा इंचीवर चार मिनिटांच्या थोडे वर.

या तीन मिनिटांनी लोकसंगीताचे काय केले, हे समजून घेणे मला सर्वांत आवश्यक वाटते. सात कडव्यांच्या लावणीतली तीन उरली. मुखडा घोळवून पुन्हा पुन्हा घेण्याची सोय राहिली नाही. गोंधळातले देवदेवतांना दिलेले लांबलचक आवाहन दोन-चार नावांवर आले आणि आख्यान तर बहुतेक वेळा सुटलेच. लय वाढली, कारण मिनिटे मोजून गायचे होते. १९२५ च्या आधीच्या मुद्रणात विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गाई आणि त्या आवाजाच्या कंपनांनीच मेणावर रेघ ओढली जाई. जोराचा ठोका रेघ बिघडवीत असल्याने तालवाद्ये मागे बसवावी लागत, आणि खर्जातले नाद कर्णा फारसे पकडतही नसे. त्यामुळे त्या काळातल्या तबकडीवर ढोलकी क्षीण आणि तुणतुणे स्पष्ट ऐकू आले, तर त्यावरून त्या वेळी ढोलकी हळू वाजत असे असा समज करून घेऊ नये.

एक सराव सुचवते. जी लावणी आजही गायली जाते अशी एक निवडावी. तिची जुनी तबकडी किंवा तिची प्रत ऐकून कडवी मोजावीत आणि मुखडा किती वेळा येतो ते लिहावे. मग तीच लावणी बारीत आणि जमल्यास फडात ऐकून तेच मोजावे. तिन्ही आकडे शेजारी मांडले की तबकडीने काय टिकवले आणि काय सोडले हे स्वतःच्या कानाने कळते.

लेबलवर मालिकेची अक्षरे आणि क्रमांक असतात; त्यावरून साधारण काळ ठरवता येतो. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मुद्रण क्रमांक तिरक्या उजेडात पाहावा, कारण लेबल नंतरच्या आवृत्तीचे असू शकते परंतु हा क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो. एच.एम.व्ही.शिवाय ओडियन, कोलंबिया, ट्विन आणि मुंबईची यंग इंडिया या नावांकडे लक्ष ठेवावे. लहान कंपन्यांनी स्थानिक गायकांना अनेकदा अधिक वाव दिला आहे.

‘लावणी’ असे छापलेल्या १९५० नंतरच्या पुष्कळ तबकड्या चित्रपटातल्या किंवा स्टुडिओत वाद्यवृंदासह केलेल्या लावण्यांच्या असतात. त्यांना कमी लेखू नये. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांच्या आवाजातला ठसका आणि शब्द फेकण्याची त्यांची रीत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि आजच्या कितीतरी फडांत त्यांच्याच चाली गायल्या जातात. तरीही ती फडावरची लावणी नव्हे, हे लक्षात ठेवून ऐकावे. शाहिरी ऐकणाऱ्यांनी शाहीर साबळे (१९२३–२०१५) आणि विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांच्यापासून सुरुवात करावी. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे जे जे मिळेल ते त्यानंतर शोधावे. विठ्ठल उमपांकडे लोकगीत, भीमगीत आणि भारूड या तिन्ही दारांतून जाता येते, म्हणून नवख्याला त्यांची शिफारस मी विशेष आग्रहाने करते.

सहावी पायरी : खरेदी

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईतला चोर बाजार ही दोन ठिकाणे धीराने पालथी घालण्यासारखी आहेत. त्याहून चांगल्या तबकड्या जुनी घरे मोकळी करताना निघतात, म्हणून नात्यागोत्यात आपली आवड सर्वांना सांगून ठेवावी. तबकडी हातात घेतल्यावर ती दोन्ही कडांनी धरून तिरक्या उजेडात फिरवावी. रेघा काळ्याभोर चमकत असतील तर उत्तम. त्या करड्या दिसत असतील तर पोलादी पिनांनी त्या झिजलेल्या आहेत, आणि असा आवाज कोणत्याही उपायाने परत येत नाही. केसासारखी चीर दिसते का ते पाहण्यासाठी बोटाच्या पेराने कडेवर हलकेच टिचकी मारावी. धड तबकडी खणखणते, चिरलेली बद्द वाजते. एका विक्रेत्याने मला चीर गोंदाने सांधून वर काळा रंग दिलेली तबकडी विकली होती. त्या दिवशी मी टिचकी मारली असती तर ते पैसे वाचले असते. दुर्मीळ असेल तर झिजलेली तबकडीही घ्यावी, मात्र किंमत त्या मानाने ठरवावी. अमुक तबकडी ‘जगात एकच’ आहे, या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

सातवी पायरी : वाजवणे, धुणे आणि ठेवणे

चावीचा ग्रामोफोन पाहायला सुंदर असतो, परंतु त्याच्या पिनेचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि प्रत्येक वाजवण्याबरोबर रेघ थोडी झिजते. तो वापरायचाच असेल तर ज्या तबकड्यांच्या प्रती अनेक आहेत त्यांच्यापुरता वापरावा आणि पोलादी पिन दर बाजूला नवी घालावी. नेहमीच्या ऐकण्यासाठी मिनिटाला ७८ फेऱ्यांची सोय असलेला टर्नटेबल घ्यावा. आजच्या अनेक यंत्रांवर केवळ ३३ आणि ४५ फेरे असतात, म्हणून खरेदीआधी खात्री करावी. सुई वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची रेघ रुंद असल्याने सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई हवी, नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या एल.पी. तबकडीची बारीक सुई रेघेच्या तळाशी घासते आणि खरखरच अधिक ऐकवते. जुन्या सर्व तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहीत. आवाज अनैसर्गिक पातळ किंवा जड वाटला तर वेग थोडा बदलून पाहावा. गायकाचे दुसरे मुद्रण किंवा त्याला प्रत्यक्ष ऐकलेल्या माणसाची आठवण इथे उपयोगी पडते.

धुण्याच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे ती कोणी पुन्हा करू नये. एका जुन्या वाड्यातून मिळालेली गोंधळाची तबकडी मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला ठाऊक नव्हते. काही क्षणांत पृष्ठभाग चिकट झाला आणि पांढरट पडला, आणि ते मुद्रण मला पुन्हा कुठेही मिळालेले नाही. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, कोलन किंवा काच पुसायचे द्रव कधीही लावू नयेत. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून मऊ ब्रशने रेघांच्या दिशेने धुवावे, लेबल कोरडे राखावे, पुन्हा साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावे आणि तबकडी उभी ठेवून सावलीत वाळवावी. ठेवतानाही ती उभीच ठेवावी. आडव्या चळतीत खालच्या तबकड्या तडकतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदी वेष्टनांना बुरशी धरते, म्हणून वेष्टने दरवर्षी तपासावीत.

आठवी पायरी : प्रत करणे आणि हक्क जाणणे

तबकडी मिळाल्यावर ती वारंवार न वाजवता एकदाच चांगली प्रत करून घ्यावी आणि रोज ती ऐकावी. २४ बिटचे, ९६ किलोहर्ट्झचे, न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) स्वरूपातले मुद्रण मूळ प्रत म्हणून जपून ठेवावे. एल.पी.साठीचे आर.आय.ए.ए. स्वरसंतुलन, म्हणजे वाजवताना वरचे-खालचे स्वर कमी-जास्त करण्याची ठरलेली पद्धत, जुन्या तबकड्यांना लागू नसते. ते तसेच लावले तर वरचे स्वर दबतात आणि झांजांचा, तुणतुण्याचा आवाज मंद होतो. खरखर काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत ठाम आहे : मूळ प्रतीला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. ते तुणतुण्याच्या तारेचा नाद खरखर समजून पुसून टाकते, आणि झीलकऱ्यांचे दूरचे आवाज त्याबरोबर जातात. ऐकायला सोपी प्रत हवी असेल तर ती वेगळी करावी.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० अखेर संपला. कवीच्या शब्दांवरचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. कोणतेही मुद्रण सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याआधी हे दोन्ही हिशेब करावेत.

कॅसेटींकडेही दुर्लक्ष करू नये. तासाभराच्या कॅसेटच्या एका बाजूवर सलग अर्धा तास मावतो, त्यामुळे गोंधळाचे आणि जागरणाचे आख्यान निवेदनासह मुद्रित करणे तबकडीपेक्षा कॅसेटवर पुष्कळ सोपे झाले. जत्रेतल्या टपऱ्यांवर विकलेल्या या कॅसेटी आज घराघरांतल्या खोक्यांत पडून आहेत, आणि त्यांची फीत तबकडीपेक्षा लवकर खराब होते. माझ्या दृष्टीने आज प्रत करण्याची घाई तबकड्यांपेक्षा कॅसेटींना अधिक आहे.

नववी पायरी : वही आणि परतीची वाट

प्रत्येक रात्रीची आणि प्रत्येक तबकडीची नोंद एकाच वहीत ठेवावी. गाव, तिथी, फड, पदांचा क्रम, साथीदार, आणि जे शब्द लागले नाहीत ते, असे सर्व त्यात असावे. तबकडीच्या लेबलवर बहुधा मुख्य गायकाचेच नाव असते. ढोलकीवाला, सुरत्ये आणि तुणतुणेवाला यांची नावे कुठेही छापलेली नाहीत. ती मिळण्याची शक्यता त्यांच्या गावीच असते, म्हणून जत्रेला जाताना मी जुन्या मुद्रणांच्या प्रती मोबाइलवर घेऊन जाते.

गेल्या चैत्रात एका हजेरीनंतर, पूर्वी फडात सुरत्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी ‘लावणी’ असे छापलेली एक तबकडी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ती पूर्ण ऐकली आणि ही लावणी नव्हे, गवळण आहे, असे सांगितले. तिची चाल नंतर लावणीला लावली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. मग तबकडीवर नसलेली दोन कडवी त्यांनी स्वतः गाऊन दाखवली आणि तिसऱ्या ओळीवर झील कुठे उचलायची तेही दाखवले. त्यांच्या परवानगीने मी ती मुद्रित केली आणि वहीत लिहून घेतली. पहिल्या कडव्यातला एक शब्द मला अजून लागलेला नाही; मुद्रणात नेमकी तिथे देवळाची घंटा वाजली आहे. येत्या यात्रेला त्या गावी पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी त्यांच्यासाठी त्या तबकडीची एक प्रतही घेऊन जाणार आहे.